पिंपळपानाची पिशवी

शिवऱ्याला हायवेच्या कडेला नवऱ्यानं, संजयनं, चहासाठी गाडी थांबवली, आणि शेजारच्या दुकानात छायाला आपली पिशवी टांगलेली दिसली. कप तसाच ठेवून ती दुकानात शिरली. जुन्या लुगड्यांचे थर, त्यावर गोधडीसारखा धावदोरा, आणि झाकणावर देठ डावीकडं वळवलेलं पिंपळपान. हे पान तिनं स्वतःच्या डोक्यातनं काढलेलं. अख्ख्या भोर तालुक्यात दुसरं कुणी शिवत नव्हतं. बंद तेवढे भलतेच, रेक्झिनचे. आणि शिवऱ्यात तिनं आजवर एकही पिशवी विकलेली नव्हती.

दुकानदार म्हणाला, एक बाई देऊन गेली, नाव कोण विचारत बसतंय. झालं! बाई म्हटल्याबरोबर छायाच्या डोळ्यांपुढं आपल्याच पडवीत बसून पिशव्या शिवणाऱ्या चौघी उभ्या राहिल्या. पिशवी विकत घेऊन तिनं पदराखाली दडवली, ती आंबवड्याला घरी येईपर्यंत नवऱ्यालाही दाखवली नाही.

पडवीत पुण्याच्या प्रदर्शनाचं काम चाललं होतं. चाळीस पिशव्या, महिनाअखेरीला. पहिलीच मोठी मागणी, ती हुकली की पुण्याची बाई पुन्हा फोन उचलणार नाही, हे छायाला पक्कं ठाऊक. आणि अशात घरातलंच कुणी आपलं पान चोरून बाहेर शिवतंय, वर आपल्याच चटईवर बसून चहा पितंय! तिचं टाळकंच फिरलं. रत्ना मोबाईलवर एवढं हळू का बोलते? बनाबाई उरलेल्या चिंध्या घरी कशाला नेते? अंबूबाईला हल्ली रोज लवकर का जायचं असतं? पण खरा डोळा होता मंगलवर. मंगल जिवाभावाची, म्हणून पान कापायची रीत छायानं फक्त तिलाच दाखवलेली.

आता गोधड्या शिवणाऱ्या बायांचं असं असतं, की अक्षर ओळखावं तसा एकमेकींचा हात त्यांना ओळखू येतो. छायानं युक्ती काढली. पुण्याला नमुना पाठवायचाय असं सांगून चौघींना वीत-वीतभर कापड दिलं, एकेक ओळ घालून घेतली, आणि आत जाऊन, दार लावून, त्या पिशवीशी ताडून बघितली. एकीचाही टाका जुळेना. शहाण्या बाईनं इथं गप बसावं की नाही? पण मंगलची ओळ नेहमीपेक्षा जरा जास्तच सरळ होती, आणि तेवढं छायाला पुरलं.

तिनं पिशवी चौघींच्या मधोमध आणून टाकली. "रोज तुजा टाका नागमोडी जातो, मंगल. आजच बरा सरळ आला? हात लपवलास व्हय?"

मंगलनं पिशवी बघितली, मग छायाकडं बघितलं. पुण्याला जायचंय म्हणून जीव लावून घातला होता, एवढंच ती म्हणाली. सुई कापडात खोचली आणि उठली. तिच्यामागं बाकीच्या तिघीही उठल्या. अठरा पिशव्या झालेल्या, बावीस राहिलेल्या, आणि पडवी रिकामी.

तिसऱ्या दिवशी चुलतसासू जाईबाई आल्या. छायाला सुई धरायला शिकवलेली ती त्यांनीच. गावभर झालेलं त्यांच्या कानावर आलंच होतं. त्यांनी ती पिशवी मागून घेतली, उलटी केली आणि शिवणीवरनं बोट फिरवलं.

"अगं, ह्यो तर तुजाच हात."

छाया म्हणाली, आत्या, कायतरीच काय.

"चार टाकं झालं की तू दोरा ओढतीस, कापडाला चुणी पडती. किती येळा सांगितलं तुला. अजून तेच करतीस."

छायानं कालच शिवलेली पिशवी शेजारी ठेवली. तीच चुणी, तेवढ्याच अंतरावर. चौघींचे हात तपासले, पाचवा तपासावा हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. मग आठवलं. दोन वर्षांपूर्वी अगदी पहिल्यांदा शिवलेल्या चार पिशव्या वाकड्या झाल्या होत्या. जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात कोंबून तिनं त्या बोहारणीला दिल्या होत्या, एका स्टीलच्या डब्यावर. बोहारणीनं बंद बदलून विकल्या असतील. तिचं काय चुकलं?

मेल्याहून मेल्यासारखं झालं छायाला. तशीच ती मंगलच्या अंगणात गेली आणि शेजारणींच्या देखत म्हणाली, चूक माझी, पिशवी माझी, हातही माझाच. मंगल तांदूळ निवडत होती. हातातलं सूप खाली न ठेवताच तिनं ऐकून घेतलं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत येऊन बसली, आणि बाकीच्याही आल्या. चाळीस पिशव्या वेळेत टेम्पोत चढल्या. पुण्याहून आणखी साठांची मागणी आली.

पण आता संध्याकाळी काम संपलं की मंगल दारात थांबते आणि आपली झोळी छायापुढं रिकामी करते. चष्मा, डबा, मिश्रीची डबी. पहिल्या दिवशी छायाला रडूच फुटलं. पाया पडते, असं नको करू, म्हणाली.

"तुज्यासाटी न्हाई गं," मंगल म्हणाली. "उद्या परत कुठं पिशवी निघाली, तर माजी झोळी रिकामी व्हती हे कुणीतरी बघितलेलं असावं."

छाया रोज नको म्हणते. नको म्हणता म्हणता तिची नजर मात्र झोळीत जाऊन येतेच, आणि ती गेलेली मंगलला दिसते.