सासऱ्यांच्या खुर्चीवरचा ठोकळा

लग्नाला वर्ष होत आलं, तरी सासरेबुवा जावयाशी थेट बोलत नसत. मुलीला सांगत, त्यांना विचार चहा घेणार का, आणि 'ते' समोरच बसलेले! मुलीने आपलं आपण लग्न ठरवल्याचा राग होता तो. जावयाला हे फार लागायचं. म्हणून सासऱ्यांच्या वाढदिवसाला त्याने सबवूफर, म्हणजे फक्त खर्जाचे आवाज काढणारा ठोकळ्याएवढा स्पीकर आणला. म्हातारबुवा गाणंवेडे, ढोलाचा खर्ज कानी पडला की विरघळतील, असा त्याचा बेत.

कसलं काय! जाड गालिच्यावर, कोपऱ्यात ठेवलेला तो ठोकळा नुसता घुमायला लागला. गायक डोक्यावर घागर घालून गातोय असं वाटत होतं. सासरे मुलीला म्हणाले, त्यांना सांग, छान आहे, आता बंद करा.

जावई इरेला पेटला. गाणं चालूच ठेवून त्याने सबवूफर उचलून थेट सासऱ्यांच्या खुर्चीवर ठेवला. या खुर्चीला सासूबाईंनीही कधी पाठ टेकवली नव्हती. बायकोने डोळेच मिटले. ऐकणाऱ्याच्या जागी ठोकळा ठेवायचा आणि आपण रांगत फिरायचं, जिथे खर्ज स्वच्छ ऐकू येईल ती ठोकळ्याची जागा, असं त्याने बायकोला समजावलं. म्हणजे सासऱ्यांना. आणि हा घोड्याएवढा गडी भिंतीकडेने रांगू लागला.

"काय हरवलंय, ते त्यांना विचार गं," सासूबाई नवऱ्याकडे बघत मुलीला म्हणाल्या.

सासऱ्यांना राहवेना. जावयाची चूक पकडायचीच, या जिद्दीने तेही गुडघे टेकून दुसऱ्या बाजूने निघाले. कपाटापाशी दोघांची डोकी आपटता आपटता राहिली आणि दोघेही थबकले. तिथे ढोलाची एकेक थाप सुटी, गोल ऐकू येत होती.

जावई सवयीने बायकोला म्हणाला, "गालिच्यावर हा डुगडुगेल. खाली सपाट, जड काहीतरी हवं. बाबांना विचार ना."

"तिला कशाला मध्ये घालता?" सासरे म्हणाले. "मला विचारा की."

जावयाचे डोळे भरून आले, आणि रांगत असल्यामुळे लपवायलाही जागा नव्हती.

सासऱ्यांनी पलंगाखालून ओट्याची उरलेली फरशी ओढून काढली. 'लागेल कधीतरी' म्हणून जपलेल्या त्या फरशीपायी त्यांनी उभा जन्म बायकोचे टोमणे खाल्ले होते.

"एक बाजू तुम्ही धरा," ते जावयाला म्हणाले.

"चला," सासूबाई मुलीला म्हणाल्या, "तुझी निरोप्याची नोकरी सुटली."