लाल खुणेवरचं कुंकू

मी एक जुना काटा आहे, मित्रांनो, आणि जन्मापासून भित्रा आहे. मी घड्याळाचा काटा नव्हे. त्याला कसली आली आहे भीती? तो आपला गोल फिरत राहतो. मी मोटारीच्या इंजिनातलं पाणी किती तापलं आहे, ते दाखवणारा टेंपरेचरचा काटा. डावीकडे थंडपणा, मधे मोकळी पांढरी जागा आणि उजव्या टोकाला एक लाल खूण. त्या खुणेला मी आयुष्यभर भ्यायलो. आपण तिथे पोचलो की गाडीतलं काहीतरी फुटतं नाहीतर कायमचं बंद पडतं, एवढं मला कारखान्यातच कळलं होतं.

आणि माझं दुर्दैव असं की, इंजिन तापलं की मला नेमकं त्याच खुणेकडे सरकावं लागतं. ओरडायला तोंड नाही, वाजवायला घंटा नाही. कोणीतरी माझ्याकडे बघावं, एवढीच माझी धडपड.

पहिली नऊ वर्षं मी एका प्रवासी बसमध्ये काढली. मग ती बस म्हातारी ठरली आणि लिलावात निघाली. विरारच्या एका सेवाभावी संस्थेने फिरत्या दवाखान्यासाठी ती घेतली. साल होतं एकोणीसशे शहाण्णव. चंदनसारला श्रीपत मेस्त्रींच्या शेडमध्ये तिचं रूप पालटलं. बाकं गेली, खाट आली, औषधांचं कपाट आलं, मागे पाण्याची टाकी बसली. जमिनीवर प्लायवूड आणि त्यावर हिरवं लिनोलियम अंथरलं गेलं. इंजिन ड्रायव्हरच्या शेजारी, आतल्या बाजूलाच होतं. आजारी माणसांना त्याची धग लागू नये म्हणून मेस्त्रींनी त्याच्यावर फोम लावून रेक्झिनची जाड गादी शिवली. जो तो येऊन वाखाणणी करून गेला. मी एकटाच हादरलो होतो. भर उन्हाळ्यात एखाद्याला गोधडीत गुंडाळावं, तसं त्यांनी इंजिनाला गुंडाळलं होतं.

पहिल्याच फेरीत मी रोजच्यापेक्षा बोटभर वर चढलो. आता कोण बघणार, म्हणून माझा जीव अर्धा झाला. तेवढ्यात माझ्या काचेवर दोन टिचक्या पडल्या.

"का रे बाबा, आज वर?"

हा प्लासिड. दवाखान्याचा नवा ड्रायव्हर, वसईकडच्या वाडीतला, सडपातळ, फार न बोलणारा माणूस. माणसांशी तो कमी बोलायचा, पण माझ्याशी बोलायचा. त्याने बस तशीच चंदनसारला परत नेली आणि म्हणाला, "मेस्त्री, हिला श्वास घ्यायला जागा ठेवा."

मेस्त्रींनी आधी नाक मुरडलं. मग मात्र गादी उसवून तिथे जाळी बसवली, मोठा पंखा लावला, आणि गिअरबॉक्सच्या वर जमिनीत एक चौकोनी झाकण कापून दिलं. गिअरबॉक्सला काटा नसतो, मित्रांनो. तो बिचारा जमिनीखाली मुकाट्याने तापत राहतो. प्लासिड दर शनिवारी ते झाकण उघडून ऑइल बघायचा. गाडी चालवताना क्लचवर पाय ठेवून बसायचा नाही, त्याने क्लच घासून तापतो. घरच्या विहिरीचं पाणी मचूळ, ते रेडिएटरमध्ये घातलं तर आत क्षार धरतात. म्हणून तो शेजारच्या वाडीतून गोड्या पाण्याचा कॅन भरून आणायचा. आणि गाडी सुरू केली की माझ्या काचेवर दोन टिचक्या ठरलेल्या. त्या दोन टिचक्यांवर माझा दिवस निभावून जायचा.

दवाखान्यात विनिता सिस्टर होत्या. त्यांच्या खिशात थर्मामीटर असायचा. मी त्याला मनातल्या मनात धाकटा भाऊ मानत असे. त्याचा पारा चढला की सगळं घर धावायचं. मी चढलो तर कोण धावणार, ही माझी नेहमीची काळजी.

दर आठवड्याला आम्ही चांदीपला जायचो. तिथे हंसामावशी राहायच्या. अंगाने काटक, आवाज खणखणीत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या सुनेचं, जागृतीचं, पहिलं बाळंतपण अडलं होतं. वेळेवर वाहन मिळालं नाही आणि बाळ वाटेतच गेलं. त्यानंतर आमची बस गावात येऊ लागली. जागृतीला पुन्हा दिवस गेले, तेव्हापासून हंसामावशी दर खेपेला बसच्या अंगावरून हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, "बाय, या टायमाला तूच ने गो हिला."

मला या बोलण्याची फार धास्ती वाटायची. एवढा विश्वास टाकलेल्या गाडीचं पाणी उकळलं तर काय होईल, हाच विचार मनात यायचा.

आणि मग अठ्ठ्याण्णव सालची खंडेनवमी आली.

त्या दिवशी नांगर, कोयता, शिवणयंत्र, सायकल, जे जे म्हणून कामाला येतं त्या सगळ्याची पूजा होते. नेमका तो चांदीपचा दिवस होता. गावातल्या बायका सकाळपासून आमची वाट बघत होत्या. बस थांबताच त्यांनी चाकांना हळदकुंकू लावलं, आरशांना झेंडूचे हार घातले. हंसामावशींनी तर बसची ओटीच भरली. नारळ ठेवला, तांदूळ ठेवले, आणि एक कोरं हिरवं लुगडं घडी न मोडता बसच्या तोंडावर, रेडिएटरच्या जाळीवर आडवं ताणून दोन्हीकडून घट्ट बांधलं. मग त्या आत चढल्या. स्टिअरिंगला कुंकू लावलं. शेवटी माझ्याकडे वळल्या आणि अंगठ्याने माझ्या काचेवर चांगला जाड टिळा लावला. तो टिळा बरोबर लाल खुणेवर पडला.

तुम्हाला वाटेल, मला आनंद झाला असेल. इतक्या वर्षांत माझी पूजा कोणी केली होती? पण मित्रांनो, मला दरदरून घाम फुटावा अशी भीती वाटली. माझी लाल खूण आता दिसतच नव्हती. आणि समोरून येणारा वारा लुगड्याने अडवला होता.

प्लासिडच्याही ते लक्षात आलं होतं. तो जाळीसमोर उभा राहिला. हात पुढे केला आणि मागे घेतला.

"सिस्टर, पुढं लुगडं बांधलंय. इंजिनाला हवा लागणार नाय."

"मग सोडा ना, प्लासिडभाऊ."

"मी सोडू? त्यांनी ओटी भरलीय. मी चर्चला जाणारा माणूस, त्यांच्या पूजेला हात लावला तर मावशीला काय वाटंल? गावाबाहेर पडलो की सोडीन, कोणाला दिसणार नाय."

हा त्याचा चांगुलपणा होता, आणि तीच त्याची चूक होती. कारण गावाबाहेर पडायच्या आतच जागृतीला कळा सुरू झाल्या. नऊ महिने भरायला अजून दहा दिवस होते. सिस्टरनी तिला तपासलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "बाळ आडवं वाटतंय. विरारलाच न्यायला हवं, आत्ता." जागृतीला खाटेवर घेतलं. तिच्या उशाशी कोण बसलं? हंसामावशी. आता त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचं लुगडं कसं सोडायचं? प्लासिडने एकदा आरशातून मागे पाहिलं आणि गाडी सुरू केली. घाईत माझ्या टिचक्याही राहून गेल्या.

दसऱ्याच्या सुमाराचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. रस्ता खड्ड्यांचा. खाटेवरच्या जीवाला धक्के बसू नयेत म्हणून प्लासिड, जो कधी क्लचवर पाय ठेवत नसे, तो त्या दिवशी अर्ध्या क्लचवर गाडी हळूहळू रेटत होता. मी मधली जागा ओलांडली. मग तिच्याही पुढे गेलो. मला सरकायचं नव्हतं, पण माझ्या मर्जीवर काय असतं? खाली गिअरबॉक्स कण्हत होता. मी कुंकवाच्या मागे शिरलो आणि दिसेनासा झालो.

प्लासिडने वाकून पाहिलं. लालावर लाल. काटा कुठे आहे तेच त्याला कळेना. त्याचं बोट काचेपर्यंत आलं. पुसलं असतं तर सगळं कळलं असतं. बोट तसंच मागे गेलं. पूस रे बाबा, मी मनात आक्रोश करत होतो, कुंकवाला काही होत नाही, पूस!

मागून जागृतीचा आवाज आला, "आई, नाय गो सोसवत..."

"झालाच गो बाय, हायवे आलाच," हंसामावशी म्हणत होत्या, पण त्यांचा खणखणीत आवाज कापत होता. वाटेत गेलेलं ते पहिलं बाळ त्या बसमधल्या प्रत्येकाला आठवत होतं.

इतक्यात विनिता सिस्टरनी चपलेतून पाय उचलला. खाली वाकून लिनोलियमवर तळहात टेकवला आणि झटकन मागे घेतला.

"प्लासिडभाऊ! खालून चटका बसतोय. जमीन तापलीय!"

प्लासिडने गाडी कडेला घेतली. इंजिनावरच्या जाळीतून तापल्या रबराचा वास यायला लागला होता. मला वाटलं, संपलं. आणखी एक चढ चढलो असतो तर इंजिन तिथेच जाम झालं असतं.

"का थांबवली?" हंसामावशी ओरडल्या. "भाऊ, का थांबवली गाडी?"

प्लासिड मान खाली घालून उभा राहिला. "मावशी, चूक माझी हाय. तुमच्या लुगड्यानं हवा अडलीय. मला निघतानाच कळलं होतं. तुमच्या ओटीला हात लावायची हिंमत झाली नाय."

 हंसामावशी ताडकन खाली उतरल्या. गाठी आवळून बसल्या होत्या, बोटांनी सुटेनात. त्यांनी दातांनी सोडल्या. लुगडं हाताला भाजत होतं. ते ओढून काढता काढता त्या रडत होत्या आणि प्लासिडला बोलत होत्या.

"मंग तवाच सांगायचा ना! म्या अडानी बाई, मला काय ठावं? माझ्या ओटीपायी माझीच सून मारता का? देव काय लुगड्यात हाय?"

आत येऊन त्यांनी आपल्या पदराने माझी काच खसकन पुसली. मी होतो तिथे दिसलो. लाल खुणेला जेमतेम केसभर राहिलं होतं.

"ह्यो काय सांगतो?"

"आता पुढं गेलो तर गाडी मरंल, सांगतो," प्लासिड म्हणाला.

"मंग पानी वता लवकर!"

"नाय मावशी. तापल्या इंजिनात गार पाणी वतलं की ते चिरतं. झाकण उघडलं तर वाफ तोंडावर येईल. दहा मिनिटं थांबायचं. इंजिन चालू ठेवायचं, पंखा फिरू द्यायचा."

मित्रांनो, ती दहा मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी. गिअरबॉक्सवरचं झाकण उघडलं गेलं आणि आतली धग बाहेर पडली. प्लासिड कपाळा-छातीवर खुरीस, म्हणजे क्रुसाची खूण, करून रेडिएटरजवळ उभा राहिला. सिस्टर जागृतीचा हात धरून तिला श्वास घ्यायला सांगत होत्या. आणि हंसामावशी ड्रायव्हरच्या सीटशेजारी उकिडव्या बसून माझ्याकडे टक लावून बघत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी डोळ्याची पापणी न लवता माझ्याकडे बघत होतं. मी खाली यावं म्हणून त्या हात जोडत होत्या. मी काय करणार होतो? पाणी निवेल तसा मी उतरणार. तरी मी सगळा जीव एकवटून डावीकडे वळायचा प्रयत्न केला.

"उतरला... नाय, तितंच हाय... उतरला गो! जागृती, काटा उतरला!"

गाडी निघाली. आता प्लासिड योग्य गिअरमध्ये, क्लचवरचा पाय काढून चालवत होता. हंसामावशी जागच्या हलल्या नाहीत. फाटा आला, चंदनसार आलं, त्या मोठ्याने सांगत होत्या, "मधी हाय. मधीच हाय. जा पुढं." विरारच्या दवाखान्याच्या दारात आम्ही पोचलो आणि तासाभरात पोट उघडून मुलगी झाली. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर दोघींपैकी कोणाचंच सांगता येत नव्हतं.

पुढच्या खंडेनवमीला हंसामावशींनी ते हिरवं लुगडं धुऊन आणलं आणि खाटेवर अंथरलं. कुंकू माझ्या कडेला लावलं, काचेला नाही.

काही वर्षांनी प्लासिड निवृत्त झाला. नवा ड्रायव्हर तरुण होता, त्याला टेपवर गाणी ऐकायची हौस. माझ्या काचेवर धुळीची साय धरली, तरी त्याने ती पुसली नाही. शनिवारचं झाकण उघडायचं बंद झालं. मी कितीदा लाल खुणेपर्यंत जाऊन आलो, त्याची गणती नाही. दोन हजार पाच साली एका दुपारी गिअरबॉक्स खडखडला, इंजिन जाम झालं आणि बस चंदनसारच्या रस्त्यावर कायमची उभी राहिली. त्या वेळी सुदैवाने खाटेवर कोणी नव्हतं.

बस भंगारात निघाली तेव्हा प्लासिड येऊन मला काढून घेऊन गेला आणि त्याने मला चांदीपला पोचवलं. आज मी हंसामावशींच्या देव्हाऱ्याशेजारी असतो. त्यांची नात आता सात वर्षांची आहे. ती रोज सकाळी फडक्याने माझी काच लख्ख पुसते आणि दोन टिचक्या मारून विचारते, "काटा खाली हाय ना?"

मित्रांनो, मी खालीच असतो. माझी वायर तुटली आहे, मी आता कधीच हलणार नाही. जगातली सगळ्यात स्वच्छ काच आज माझ्यावर आहे, आणि सांगण्यासारखं माझ्याजवळ काही उरलेलं नाही. म्हणून एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात, तुमच्या गाडीत जो कोणी न बोलता तापत असेल, त्याला हार घालायची घाई करू नका. आधी त्याची काच पुसा, तो हलतो आहे तोवर.