तीन दिवसांची दांडी

मी एक जुनी पंचिंग बॅग आहे. हसू नका मित्रांनो, मार खाऊनच मोठी झालेय मी! गाड्यांच्या सीट शिवणाऱ्या कारागिराने माझं जाड कातडं शिवलं, शिंप्याकडच्या चिंध्या आत ठासून भरल्या आणि मला या गल्लीतल्या व्यायामशाळेत साखळीने टांगलं. पंधरा वर्षं धपाधप, धपाधप! मार खाणारी मी, आणि कौतुक मात्र मारणाऱ्याचं.

सगळ्यात भारी ठोसा लंबूचा. अहाहा! एकवीस वर्षांचा, ताडमाड, हाताला काम नाही म्हणून घरी सगळ्यांची बोलणी खाणारा. इथे मात्र राजा! आमचे वस्ताद भलते कडक. रोज हजेरी घ्यायचे, आणि कुणी न सांगता तीन दिवस दांडी मारली की वहीतून नावच खोडायचे. लंबू तीन दिवस आला नाही. वस्तादांनी रेघ मारली.

अहो, त्याचं मनगट मोडलं होतं! आमच्यापैकी कुणी साधी चौकशी केली नाही. समोरच्या कठड्यावर बसणारी टोळी मात्र त्याच्या घरी गेली. फळं नेली, आईची औषधं आणून दिली, "तू आपला माणूस" म्हणाली. मग काय, प्लास्टर निघाल्यावर लंबू कठड्यावरच बसू लागला. मला भयंकर राग आला, पण साखळीला टांगलेली मी करणार काय?

एका संध्याकाळी पलीकडच्या गल्लीतल्या पोरांना झोडपायला टोळी सळया घेऊन मोटारसायकलींवर बसली. लंबूही शेवटच्या गाडीवर, मागे. तेवढ्यात त्याची आई धावत आमच्याकडे आली आणि रडत रडत वस्तादांना हात मोडल्यापासूनचं सगळं सांगून गेली. वस्ताद वही घेऊन थेट त्या गाडीपुढे उभे राहिले. माझा जीव नुसता वरखाली!

"लंबू!" त्यांनी हजेरी पुकारली.

"आजोबा, बाजूला व्हा," गाडीवाला फिदीफिदी हसला.

"लंबू! तुझा हात मोडला आणि मी दांडी समजलो. चुकलं माझं, पोरा."

"नाव खोडलंत ना माझं?" लंबूचा आवाज चिरकला.

"पुन्हा लिहिलंय. हे बघ की!"

गाडीवाल्याने गाडी बाजूने काढली. आता गेला, असं मला वाटलं. आणि खण्णकन सळई पडली! लंबूने उडी टाकली आणि सगळी गल्ली दणाणेल असा ओरडला, "हजर!"

मित्रांनो, माझ्या कातड्याला अधूनमधून तेल लावा, उसवलं तर टाके घाला. पण तुमच्यातला कुणी तीन दिवस दिसला नाही, तर आधी त्याच्या घरी जा. तुम्ही गेला नाहीत, तर दुसरं कुणीतरी जाईलच.