ठिपक्यावरचं गाव

हातातला टॅब आडवा धरून जनगणनेचा कारकून नव्वाबी मागे मागे चालत गेला आणि मश्दी सफदरच्या गोठ्याला पाठ लागल्यावर थांबला.

"काका, तुमचं गाव इथे नाही."

मशहदच्या यात्रेपासून मश्दी म्हणवणाऱ्या सफदरने वळून पाहिलं. सहा घरं, तंदूर, शेजारीण खावरचं गाढव. सगळं सकाळी होतं तिथेच होतं.

"मग कुठे आहे?"

"दीड किलोमीटर वर. नकाशातला ठिपका तिथे आहे. ठिपक्यापाशी उभं राहिल्याशिवाय जनगणनेचा फॉर्म उघडत नाही."

वर जुनं गाव होतं. चोवीस वर्षांपूर्वीच्या भूकंपात ते पडलं. सफदरचे दोन मुलगे त्याखाली गेले. उरलेली माणसं खाली रस्त्याकडेला येऊन राहिली. सरकारला कळवायचं राहून गेलं आणि सरकारनेही विचारलं नाही. शिष्टाचार दोन्ही बाजूंनी पाळला गेला.

"बरं, कुटुंबं किती?" नव्वाबीने विचारलं.

"सहा. माणसं अकरा."

"जेवता कुठे?"

"खावरकडे. सगळेच. जळण पुरत नाही, म्हणून एकच हंडी चढते."

नव्वाबीने मान हलवली. "एका हंडीतलं जेवतात ते एक कुटुंब, असा नियम आहे. आणि तीनपेक्षा कमी कुटुंबं असली की गाव यादीतून गळतं."

यादीतून गळलं की दवाखान्याची फिरती गाडी बंद. त्याच गाडीतून दर महिन्याला सफदरच्या बायकोची, गुलअंदामची, मधुमेहाची इंजेक्शनं येत. ती पलीकडे कुरूतसाठी दह्याचे गोळे वाळत घालत होती आणि आपल्याला ऐकू येत नाही असं दाखवत होती.

सफदरने टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. सकाळपर्यंत त्याला गाव होतं आणि गावात सहा घरं होती. आता दोन्हींबद्दल खात्रीने सांगता येईना.

"इंजिनियरसाहेब," तो म्हणाला. ज्याच्या हातात यंत्र तो त्याच्या लेखी इंजिनियर. "जेवल्याशिवाय जायचं नाही. जेवण वर करू. तुम्हीच बघा, प्रत्येकाची चूल वेगळी."

"कधीपासून?" खावर तंदुरामागून उठली. "आठ हिवाळे माझ्या हातची आश ओरपलीस, मश्दी, आणि आज मी परकी?"

"दुपारपुरती, खावर."

"म्हणजे दुपारी काडीमोड आणि संध्याकाळी पुन्हा सोयरीक. बरं आहे."

अकरा माणसं, सहा पातेली आणि एक गाढव चढण चढली. कुणी कुठे बसायचं हे सफदरने वाटेत मनाशी ठरवून ठेवलं होतं. सांगायची वेळच आली नाही. भिंती गुडघाभर उरल्या होत्या, तरी जो तो न विचारता आपापल्या उंबऱ्याशी गेला. खावरने तर आपल्या अंगणातल्या काटेरी झुडपावरून शेजाऱ्याला चार शब्द सुनावले.

टॅब वाजला. फॉर्म उघडला.

नव्वाबीने सुरुवात सफदरच्या घरापासून केली. सफदर तेव्हा खावरच्या चुलीतलं ओलं लाकूड फुंकत होता. तिथेच धूर निघाला नाही तर सगळंच फसायचं. शेवटी सहा धूर उठले. नव्वाबी प्रत्येक घरी तीनदा 'नको' म्हणाला आणि चौथ्यांदा चहा प्यायला. सहाव्या घरातून तो जडावून बाहेर आला.

"झालं, काका. कुटुंबं सहा. लोकसंख्या तेरा."

"अकरा."

"तेरा."

सफदरने धुराधुरांतून बोट फिरवत माणसं मोजली. मग उलट्या बाजूने मोजली.

"खावर, काय सांगितलंस तू?"

"एक सांगितलं. खाते दोघांचं, पण ते कुणी विचारलं नाही."

"मग हे दोन आले कुठून?"

नव्वाबीने बोटाने पडदा वर सरकवला. "पहिलं घर. मावशींनी चार सांगितले. चुकलंय का? दुरुस्त करायचं तर इथेच करावं लागेल. खाली उतरलो की फॉर्म बंद."

सफदरने आपल्या घराकडे पाहिलं. घर म्हणजे चार ओळी दगड. गुलअंदामने उंबऱ्याबाहेर चपला काढून ठेवल्या होत्या. आतली माती तिने झाडली होती, त्यावर कापड अंथरलं होतं. आता ती वाडग्यांत डाळ-पाल्याची दाट आश वाढत होती. चौथा वाडगा भरून तिने पळी खाली ठेवली. वर पाहिलं नाही.

"काका? खोडू का दोन?"

सफदर उंबऱ्यापर्यंत गेला. दार नव्हतं, तरी थांबला. वाकून त्याने बूट काढले आणि तिच्या चपलांना अगदी खेटून ठेवले. शेजारी आणखी दोन जोड मावतील एवढी जागा उरली.

"आत या, इंजिनियरसाहेब," तो म्हणाला. "आश निवतेय."