लसीच्या कुपीचं बूच

मित्रांनो, मी एक जुनं रबरी बूच आहे. जुनं म्हणजे काही महिन्यांचंच. पण बुचाचं वय टोचलेल्या सुयांवरून धरायचं असतं.

साच्यात माझा जन्म झाला. वाफेने मला शुद्ध केलं आणि लसीच्या कुपीवर बसवलं. आत अनेक बाळांना पुरेल एवढी लस होती. प्रत्येक बाळासाठी नवी सुई माझ्यातून आत जाई. ती निघाली की माझं भोक मिटे. तरी एखादा जंतू सुईबरोबर शिरलाच तर? त्याला वाढू न देण्याचं काम परिरक्षकाचं, म्हणजे लस नासू नये म्हणून तिच्यात मिसळलेल्या औषधाचं. माझ्या या सोबत्याचं कौतुक कधी कुणी केलं नाही. उलट त्याच्या नावाने लोक बिचकत.

एके सकाळी एक बाबा लेकीला खांद्यावर घेऊन आला. परिचारिका मला पुसत होती, तेवढ्यात तो म्हणाला, "ताई, थांबा जरा. यात पारा असतो म्हणे. माझे काका थर्मामीटरमध्ये पारा भरायचे. पुढे त्यांचे हात इतके कापायचे की कप धरता येईना. मीच भरवायचो त्यांना. माझ्या पोरीला नको ते."

परिचारिकेने सुई खाली ठेवली.

"तुमची भीती खोटी नाही. त्या पाऱ्याची वाफ वर्षानुवर्षं काकांच्या छातीत गेली. यात आहे ते पाऱ्याचं वेगळं संयुग, तेही अगदी किंचित. ते साठून राहत नाही, शरीर लवकरच बाहेर टाकतं. कितीतरी देशांत तपासून झालंय. टोचल्या जागी लाली येईल, थोडी सूज येईल. क्वचित कुणाला ॲलर्जी असते, म्हणून आपण नंतर थोडं थांबवून घेतो."

"आणि ते घातलंच नाही तर?"

"मग एका बाळाला एक कुपी. तशाही असतात. पण पुन्हा पुन्हा सुई जाणाऱ्या कुपीत ते नसेल, तर माझ्या नातवालाही मी त्यातलं टोचणार नाही."

तो लेकीच्या टाळूवरून हात फिरवत राहिला. मग त्याने तिची मांडी उघडी केली.

"रडेल का हो?"

"रडेल. पण तुमच्याएवढी नाही."

तो हसला. कुपीतला शेवटचा डोस तिला मिळाला. ती रडली, आणि जरा वेळाने त्याच्या मानेत तोंड खुपसून झोपी गेली. निघताना दारातून तो हळूच म्हणाला, "पुढचा डोस कधी?"

मित्रांनो, माझं काम संपलं. आता मला नष्ट करतील, तेच योग्य आहे. एवढंच मागणं आहे: भीती वाटली तर जाणत्या माणसाला विचारा. आणि तुम्हाला कुणी विचारलं तर हसू नका, हातातलं काम थांबवून उत्तर द्या. विचारणाऱ्याच्या खांद्यावर कुणीतरी विसावलेलं असतं.