नानांचा ‘म्हणे’

नानांच्या हस्तलिखिताला झेंडूच्या ओल्या देठांचा उग्र वास यायचा. त्या वासाचा एक कागद सहा वर्षं माझ्या कपाटात, शर्टांच्या घडीखाली पडून आहे, ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. वास केव्हाच उडाला. निळं, किंचित मागे कललेलं अक्षर मात्र जसंच्या तसं आहे, आणि खालून चौथ्या ओळीच्या शेवटी तो दोन अक्षरांचा शब्दही.

भास्करनाना म्हणजे आमच्या दैनिकात तीस वर्षं तारेने येणाऱ्या इंग्रजी बातम्यांचं मराठी करणारा आणि निवृत्तीनंतर दर रविवारी अमेरिकेच्या राजकारणावर सदर लिहिणारा माणूस. मी त्या पुरवणीचा उपसंपादक. नानांनी अमेरिका पाहिली नव्हती. त्यांच्याकडे पासपोर्टही नव्हता. घरची फुलशेती होती नाशिकजवळच्या मखमलाबादेत आणि पंचवटीत फुलांचा एक अरुंद गाळा. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट, त्यामुळे मार्गशीर्षाच्या गारठ्यात, गोदावरीवरचं धुकं अजून पायऱ्यांना चिकटलेलं असताना, कानटोपीच्या आत इअरफोन खोचून नाना गोणपाटावर बसलेले असत. समोर झेंडूची केशरी रास आणि कानात त्या दूरच्या देशातलं भांडण. त्यांची बोटं आपोआप ओवत राहत. सुई एखाद्या फुलाशी थबकली, की समजावं, तिकडे कुणीतरी काही भयंकर बोललं आहे. अर्धा तास एका पक्षाची वाहिनी आणि अर्धा तास दुसऱ्याची, हा त्यांचा नेम. एकाच दिवसाचे तिथे दोन सूर्य उगवतात आणि दोन्हीकडची माणसं आपापल्या उन्हात बसून दुसऱ्याला आंधळा म्हणतात, असं त्यांनी एकदा लिहिलं होतं.

“नाना, तुमच्या राष्ट्राध्यक्षाला सांगा ना, आमच्या गल्लीत दोन दिवस नळाला पाणी नाय,” समोरचा रिक्षावाला रोज काही ना काही काढायचा.

“सांगतो. पण तोही म्हणेल, आधीच्याने पाइप फोडला.”

नानी गाळ्याच्या आतून भर घालायच्या. “तिकडं कोण पुढं हाय ते तोंडपाठ. घरचं दूध उतू गेलेलं दिसत नाय यांना.”

नाना हसायचे ते डोळ्यांनी. सुई ओठांत धरलेली असायची.

‘म्हणे’ हा शब्द आपण कुचाळकीसाठी वापरतो, पारावर, लग्नाच्या पंगतीत, दुसऱ्याच्या घरची गोष्ट सांगताना. नानांनी त्याला न्यायासनावर बसवलं होतं. जे दोन ठिकाणांहून पडताळता आलं नाही, त्याच्या शेपटीला ते ‘म्हणे’ बांधत. अमुक उमेदवार आजारी आहे, म्हणे. तमुक सभेला मैदान अपुरं पडलं, म्हणे. मी एकदा कुरकुरलो, की अशाने मजकुराची धार जाते. तेव्हा त्यांनी चष्मा काढून उपरण्याने पुसला. “तिकडच्या पत्रकारितेचं दुखणंच हे आहे बाबा. आरोप मथळ्यात येतो आणि आरोप करणारा तिसऱ्या परिच्छेदात. तिथवर वाचतो कोण? ‘म्हणे’ त्यांच्याकडेही आहे, पण ते वकिलाच्या भीतीने घालतात. आपण लाजेने घालावं.”

आणि तरी त्याच वृत्तपत्रांची एक गोष्ट त्यांना अतिशय प्रिय होती: चूकदुरुस्तीची चौकट. एखाद्या मृत माणसाच्या आईचं नाव चुकलं, तरी ती मोठाली वर्तमानपत्रं दुसऱ्या दिवशी ते निमूटपणे सुधारून छापतात, याचं त्यांना बालसुलभ अप्रूप वाटे. जगातलं सगळ्यांत प्रामाणिक गद्य त्या चौकटीत असतं, असं ते म्हणायचे.

सहा वर्षांपूर्वी तिकडे निवडणूक झाली. मोजणी लांबली, आरोप-प्रत्यारोपांचा धुरळा उडाला, आणि नानांनी लिहिलं, ‘मतपत्रिकांच्या पेट्या नदीत सापडल्या, म्हणे.’ पान लावताना परिच्छेदाचा शेवटचा शब्द एकटाच खालच्या ओळीत गेला. “सर, एक शब्द लोंबतोय,” पान लावणारा म्हणाला. मी पडद्याकडे पाहिलं आणि म्हणालो, काढ. बस्स, एवढंच. एका ओळीची जागा वाचली, पान देखणं झालं, चहा आला.

दोन दिवसांत तिकडच्याच वार्ताहरांनी ती पेट्यांची गोष्ट खोटी ठरवली. मग ज्यांचा मुलगा न्यू जर्सीत आहे अशा एका निवृत्त प्राध्यापकांचं पत्र आलं: ‘आपल्या स्तंभलेखकांनी स्वतः नदीत उतरून पेट्या मोजल्या काय?’ ते पत्र शहरभर मोबाईलवरून फिरलं. संपादकांनी नानांना बोलावलं. ते आले, हातात छापील पान घेऊन. ती ओळ त्यांनी तीनदा वाचली असावी, कारण बोट तीनदा डावीकडून उजवीकडे गेलं. संपादकांना ते एवढंच म्हणाले, “माझ्याकडून राहिलं असेल.”

बाहेर पडताना ते माझ्या टेबलाशी थांबले. “माझा हाताचा कागद आहे का रे तुझ्याकडे? मी ‘म्हणे’ लिहिलं होतं असं वाटतंय. पण नक्की आठवत नाही.”

कागद माझ्या गुडघ्यापाशी, खणात होता.

“रद्दीत गेला, नाना,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. संशयाने नव्हे; संशय घेतला असता तर आज मला बरं वाटलं असतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि उरलेला अविश्वास स्वतःकडे वळवला. त्याच आठवड्यात त्यांनी सदर थांबवलं. ज्याला ‘म्हणे’ लिहायचं आठवत नाही, त्याने लिहू नये, असं त्यांनी संपादकांना कळवलं. खुलासा छापला गेला, तोही नानांनीच लिहून दिलेला, चूक स्वतःच्या नावावर घेणारा.

पुढे कधी पंचवटीत गेलो, तर गाळा टाळून पलीकडच्या गल्लीने जायचो. एकदा मात्र समोरासमोर आलो. इअरफोन नव्हता. गाळ्याच्या खांबावर, देवाच्या तसबिरीखाली, चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या: दूधवाला, औषध, नळ बंद. “आता सगळं लिहून ठेवतो,” नाना ओशाळून म्हणाले. नानींनी मला बाजूला घेतलं. “कुलूप लावलं का नाय, दोनदा परत जाऊन बघतात. त्या पेपरातल्या चुकीपासून हे असं झालंय बघा. आधी एवढे पक्के होते.” मी शेवंतीची एक जुडी घेतली आणि निघालो. वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. ते तिथेच राहिलं; रिक्षा मिळाली, इतकंच कारण.

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. शोकसभेत संपादक चांगलं बोलले. नाशकात बसून त्यांनी आपल्याला एक अख्खं खंड वाचायला शिकवलं, म्हणाले. शेवटी आवाज खाली आणून पुढे म्हणाले, “उतारवयात नानांना विसर पडू लागला होता.” सभागृहाने मान डोलावली. नानी पहिल्या रांगेत होत्या, त्यांनीही डोलावली. त्या वाक्याच्या शेपटीला एक शब्द हवा होता, आणि तो कुठे आहे हे त्या सभागृहात मला एकट्यालाच माहीत होतं.

काळ बहुधा असंच संपादन करतो. ओळ नीट बसावी म्हणून तो शेवटचा शब्द गाळतो, आणि जे कुणीतरी म्हटलं होतं ते घडलं होतं असं होऊन बसतं. पण तो कागद काळाने दडवलेला नाही. मी दडवला. हे मी एका वाङ्मयीन नियतकालिकात लिहितो आहे, जे पंचवटीतल्या त्या गाळ्यात येत नाही, तेव्हा ही काही चूकदुरुस्तीची चौकट नव्हे. ज्या दैनिकात नानांनी माझी चूक स्वतःच्या नावावर छापली, तिथे माझ्या नावाचा खुलासा यायचा राहिला आहे. त्याआधी नानींकडे जाऊन खालून चौथी ओळ त्यांना वाचून दाखवायची आहे, शेवटच्या शब्दासकट. यांपैकी मी अजून काहीही केलेलं नाही.