ग्यानबाचं कुलूप

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आखाडा बाळापूरची पिठाची गिरणी सकाळी तासभर चालली आणि ठसका लागल्यागत होऊन बंद पडली. ज्वारीच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बायांनी आधी इंजिनाकडं पाहिलं आणि मग ग्यानबाकडं.

ग्यानबा गिरणीचा मिस्त्री. हिंगोलीच्या कापसाच्या जिनिंगात चार साल काढून आलेला. इंजिनातलं गावात आपल्या एकट्यालाच कळतं, असं तो रोज सांगायचा, आणि वाईट एवढंच की ते खरं होतं. त्यानं इंजिनाला कान लावला, नळी हलवून पाहिली आणि म्हणाला, "तेलाच्या नळीत कचरा बसला. पाना लावला की झालं."

पाना पेटीत होता आणि पेटीला कुलूप होतं. कुलूप ग्यानबानं स्वतःच्या हातानं घडवलेलं. "ह्याच्यात मुंगी शिरायची न्हाई," असं पोळ्यापासून सांगून त्यानं गावाचे कान किटवले होते. आज किल्ली घातली, तर ती अर्ध्यावरच अडली. फुंकर मारून झाली, पेटी उलटी करून झाली, कोंबडीच्या पिसानं करडीचं तेल सोडून झालं. किल्ली काही पुढं सरकेना.

तेवढ्यात गिरणीचे मालक माणिकराव आले. "काहून बंद हाये?"

"इंजिनाची काही तकलीफ न्हाई, मालक. पेटी उघडून राहिलो."

"दिवस कासराभर वर आला, आन् तू पेटीच उघडून राहिला? दुपारपस्तोर गिरणी चालू झाली तर बराबर. न्हाई तर नांदेडचा मिस्त्री आणतो. तू जा आपला भावाच्या औतावर. औताला कुलूप नसतं."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. ग्यानबा मात्र किल्ली आणखी जोरानं दाबायला लागला. हिंगोलीला जाताना भावाला 'ढेकळं तूच फोड' म्हणून तो घरातून निघाला होता. आता त्याच ढेकळांत भावाच्या हाताखाली परत जायची पाळी आली होती.

सोनाजी लोहार घण घेऊनच आला. "सर मागं. एका घावात मोकळं करतो."

"हात लावू नगं," ग्यानबा पेटीवर आडवाच पडला. "घण मारायला काय अक्कल लागती? चोराला उघडता येऊ नये म्हणून केलं हाये ते. आज माझ्याबी हातानं उघडंना. मंग काम किती पक्कं हाये ते बघ की."

"व्हय," सोनाजी म्हणाला. "गिरणीबी लई पक्की बंद हाये."

"हे लढाईच्या दिवसांतलं लोखंड हाये. हवेनं फुगतं."

"नाचता येईना, अंगण वाकडं," सोनाजी म्हणाला आणि घणावर बूड टेकून मजा बघत बसला.

शालूबाई म्हातारीला मजा बघायला सवड नव्हती. तिच्या घरी नातजावई आला होता, भाकरीला पीठ नव्हतं. ती उठली, पेटीजवळ वाकली आणि बराच वेळ बघत राहिली.

"ग्यानबा, लेका," ती म्हणाली, "मुंग्यांना वाट गावली. तुलाच काहून गावंना?"

सगळे वाकले. भिंतीच्या कडेनं आलेली लाल मुंग्यांची रांग पेटीवर चढून नीट कुलपाच्या भोकात शिरत होती.

"खंडेनवमीला कुलपाला निवद कुणी दावला?" म्हातारीनं विचारलं.

ग्यानबानं बायकोकडं बोट केलं. "हिनंच पूजा केली."

गोजरबाई तिथंच टोपली धरून बसली होती. ती उठलीसुद्धा नाही. "म्या फुलं वाहिली. 'कुलपाचंबी तोंड गोड झालं पायजे' म्हणून गूळ कुणी दाबला? अंगठ्यानं दाबला, तुमीच."

मग हसण्याला काही धरबंध राहिला नाही. माणिकरावसुद्धा धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायला लागले. शालूबाईनं त्यांच्याच घरून तांब्याभर कढत पाणी आणलं आणि भोकात धार धरली. हळदीकुंकू मिसळलेल्या गुळाचा लाल पाक खाली गळला. किल्ली फिरली, कुलूप उघडलं.

"म्या हेच सांगणार होतो," ग्यानबा म्हणाला. कुणी त्याच्याकडं पाहिलंही नाही.

पण पाना हातात आला तसा तो बदलला. नळी काढली, फुंकली, फडक्यानं पुसून जागी बसवली, आटे आवळले आणि चाकाला हिसका दिला. इंजिन पहिल्याच हिसक्याला धडधडायला लागलं. एक चिलीम ओढायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागला नाही. माणिकरावांनी मान हलवली आणि नांदेडचं नाव पुन्हा काढलं नाही.

ग्यानबानं छाती पुढं काढली. "आता बोला. माझ्या हातात इलम हाये का न्हाई?"

"हाये की," शालूबाई आपली टोपली जात्यापाशी सरकवत म्हणाली. "हातातच ऱ्हाऊ दे. पेटीत कोंडू नगं."

तेव्हापासून ग्यानबा पाना कमरेला खोचून हिंडतो. पेटी गोजरबाईनं गूळ ठेवायला घेतली. बाहेरच्या गावचा कुणी आला की ग्यानबा त्याला ओढत घरी नेतो, कुलूप दाखवतो आणि सांगतो, "ह्याच्यात मुंगी शिरायची न्हाई." आणि गोजरबाई चुलीपुढं बसून गुळातल्या मुंग्या वेचत असते.